दोन बोटं चहा

परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत काय कोंबावं याला घरातल्यांच्या लेखी काही धरबंध नसतो. दादांची बॅग भरून झाली, चेन ओढून झाली, कुलूपही लावून झालं, आणि मग आईने ती पुन्हा उघडायला लावली. तिने चहाच्या पुडीचं पाकीट दोन पैरणींच्या मध्ये खुपसलं.

"तिकडे पाणचट पितात म्हणे," ती म्हणाली.

आई नव्वदीला टेकली होती. जन्मात तिने आपल्या गावाबाहेरचा चहा फारसा घेतला नव्हता, पण मत पक्कं होतं. दादांनी पुन्हा चेन ओढली. बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. त्यांनी आयुष्यभर कवळ्या बनवल्या होत्या. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि मागच्या खोलीत बसून दादा त्यांवर दात बसवायचे, घासायचे, चकचकीत करायचे. माणसांशी बोलायचं ते डॉक्टरांनी. दादांचा संबंध जबड्यापुरता, आणि जबडे उलटून बोलत नाहीत. हे त्यांना मानवलं होतं. पुढे हातांना कंप सुटला आणि त्यांनी काम थांबवलं, पण अजूनही समोर कुणी हसलं की त्यांचं लक्ष आधी दातांकडे जायचं.

धाकटा भाऊ चष्मे बनवायला शिकला. "एकाने चावायची सोय केली, एकाने बघायची. माझ्या म्हातारपणाची बेगमी झाली," असं आई चारचौघांत सांगायची. मग धाकटा परदेशी गेला, तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं आणि तसं फोनवर कळवलं. आई म्हणाली, "मग आता तिकडेच राहा." रागाच्या भरात माणूस बोलतं तसं बोलली. धाकट्याने लहानपणापासून आईचं एक म्हणून ऐकलं नव्हतं. नेमकं हे एवढंच ऐकलं. सणावारी फोन यायचा, तब्येती विचारल्या जायच्या, तो ठेवला जायचा. अशी वर्षं गेली आणि गेल्या हिवाळ्यात एक दिवस फोन आला तो त्याचा नव्हता.

"तू जाऊन ये," आई दादांना म्हणाली होती. "मी राहा म्हटलं, तो राहिला. शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का, की एकटाच पडला होता, एवढं बघून ये. आणि फोनवर सांगू नकोस. फोनवर सगळे 'बरं आहे'च सांगतात."

एवढं एकच काम घेऊन दादा विमानात बसले. वाटभर त्यांना एकच घोर लागला होता, की असलं काही विचारतात कसं? 'वहिनी, म्हणजे बाई, माझा भाऊ मेला तेव्हा तुम्ही कुठे होता?' मनातल्या मनात वाक्य जुळवून बघितलं की त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या.

बसच्या थांब्यावर भावजय उभी होती. उंच, केस आखूड आणि पिकलेले, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. दादांना तिने लगेच ओळखलं.

"दादा! तू आलास! च्यायला, केवढा उशीर. मी किती वेळ उभा आहे इथे!"

दादा दचकले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. ही आपली भाषा एकाच माणसाकडून शिकली होती, तीही वहीपुस्तक घेऊन नाही, घरात वावरताना. तो जसं बोलायचा तसं ही बोलत होती. 'मी येतो' म्हणायची, 'मी दमलो' म्हणायची, आणि मोठ्या दिराला बिनदिक्कत 'अरे' म्हणायची. डोळे मिटले तर धाकटाच बोलतोय असं वाटावं. दादांनी डोळे मिटले नाहीत. धीर झाला नाही.

घर दुकानाच्या वर होतं. खाली चष्म्यांचं दुकान, मागे काचा घासायचं यंत्र, त्याच्या शेजारी धाकट्याचं टेबल. टेबलावर बारीक पेचकस मापाप्रमाणे ओळीत लावलेले. दादांनी ती ओळ पाहिली आणि त्यांना आपलंच टेबल आठवलं. वर स्वयंपाकघर, एक खिडकी, तिच्यातून समोरचा रस्ता आणि एक शिंप्याचं दुकान दिसायचं.

भावजयीने किटली ठेवली. बिनकानाचे दोन कप मांडले आणि दादांच्या कपात चहा ओतला. ओतला म्हणजे काय, तळाला लागला. दोन बोटं, फार तर. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मग स्वतःलाही तेवढाच घेऊन ती समोर बसली.

दादांनी कपात वाकून पाहिलं. एवढे समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला दोन बोटं चहा! त्यांच्या घरी पोस्टमन आला तरी कप भरून, वर बशीत सांडेल इतका चहा मिळायचा. सांडला नाही तर आईला चैन पडत नसे. एका घोटात चहा संपला. भावजयीने हात पुढे केला, कप घेतला आणि पुन्हा दोन बोटं ओतून परत दिला. तोही संपला. पुन्हा हात. तिसऱ्या वेळी दादांनी "पुरे" म्हणून कपावर तळवा ठेवला. भिकाऱ्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. दादा खाली धाकट्याच्या टेबलाशी बसून सैल झालेल्या दांड्या आवळून द्यायला लागले होते. हाताला काम असलं की त्यांना बरं वाटायचं, आणि गंमत म्हणजे पेचकस धरला की कंप जरा कमी व्हायचा. दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही भावजय चहा द्यायची आणि त्यांनाही तेवढाच. चिक्कूच आहे बाई, असं दादांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण एका सकाळी टपालवाला आला. पाकिटं टेबलावर टाकून दारातच उभा राहिला. भावजयीने त्याचा कप काठोकाठ भरला. तो उभ्याउभ्या प्यायला, काहीतरी बोलून हसला (पुढचे दोन दात खोटे होते, आणि काम बेताचंच होतं) आणि सायकलवर बसून गेला.

आता मात्र दादांना लागलं. टपालवाल्याला भरलेला कप, आणि नवऱ्याच्या थोरल्या भावाला तळातला? म्हणजे चिक्कू नाही. म्हणजे मीच नको आहे. आणि मी नको असेन, तर तोही... पुढचा विचार त्यांनी केला नाही, पण तो केल्यासारखाच होता.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"कसं आहे?"

"बरं आहे."

"फोनवर सांगू नकोस म्हटलं ना!"

"मग विचारतेस कशाला?"

"तब्येत विचारली तुझी. चहा मिळतो का?"

"मिळतो," ते म्हणाले.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी भावजय खाली गिऱ्हाइकात गुंतली असताना दादांनी बॅगेतून पाकीट काढलं. कुणाशी भांडायचं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, पण चहा करता येत होता. चहा म्हणजे काय असतो ते एकदा दाखवून द्यावं, म्हणजे आपोआप कळेल, असा काहीसा त्यांचा बेत होता. दूध शोधलं, साखर शोधली, पाणी उकळलं, पूड टाकली. उतू जाऊन शेगडी बरबटली तीही पुसली. सगळ्या घरात आपल्या घरचा वास सुटला. भावजय वर आली ती दारातच थबकली.

"हा वास," ती म्हणाली. "हा त्याचा वास. पहिल्या वर्षी करायचा. मग पूड संपली."

"बसा," दादा म्हणाले. मग त्यांनी तिचा कप भरला. काठोकाठ, थेंबभर अधिकच. चहा काठावरून ओघळून टेबलावर आला तेव्हा ते थांबले. असा चहा आई ओतायची. त्यांना स्वतःचं जरा कौतुकच वाटलं.

भावजय कपाकडे पाहत राहिली. तिने दादांकडे पाहिलं, पुन्हा कपाकडे. मग तो उचलून, पोळत असतानाही, उभ्यानेच सगळा प्यायली.

"चांगला आहे," ती अगदी हळू म्हणाली. खुंटीवरचा कोट काढला, बटणं लावली. "मी जातो."

"कुठे?"

ती जिना उतरून गेलीही होती.

दादा टेबल पुसून बसले. येईल आता. काहीतरी आणायला गेली असेल. समोरच्या शिंप्याने दुकान बंद केलं, रस्त्यावरचे दिवे लागले, तरी ती आली नाही. आपण शेगडी खराब केली म्हणून? दूध उद्याचं होतं का? मग त्यांना वाटलं, आपण तिच्या नवऱ्याचा वास तिच्या घरात सोडला, न विचारता, आणि ते स्वतःवरच चरफडले. शेवटी जिन्याचा कठडा धरत ते खाली उतरले.

दुकान बंद होतं, आत अंधूक उजेड होता. गिऱ्हाइकं चष्मा लावून बघतात त्या आरशासमोरच्या स्टुलावर भावजय बसली होती. अंगात कोट तसाच, हात मांडीवर.

"इथे का बसलात? वर चला ना."

"तू म्हणाला, जा."

"मी? मी कधी म्हणालो?"

"कप." तिने हाताची मूठ करून कपासारखी धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने वरचा काठ दाखवला. "इथपर्यंत ओतला. इथपर्यंत म्हणजे झालं. आता बसू नको. जा. तुला भावाच्या घरात एकटा बसायचं असेल. मला कळलं. पण बाहेर थंडी, च्यायला, मग मी इथे बसलो."

दादांना काही उमजेना. मग एकदम सगळं उमजलं. टपालवाला, घाईचा माणूस, त्याला दहा घरं पुढे. त्याला भरून. आणि त्यांना स्वतःला दोन बोटं, पुन्हा दोन बोटं, पुन्हा.

"म्हणजे थोडा ओततात तो..."

"थोडा म्हणजे बस, जाऊ नको. संपला की कप माझ्याकडे येणार. मी पुन्हा ओतणार. पुन्हा बस. एकदम भरला तर तू पिणार आणि जाणार. मग मी कुणाशी बोलू?"

दादा शेजारच्या स्टुलावर मटकन बसले. "अहो, आमच्याकडे उलटं आहे. आमच्याकडे अर्धा कप दिला तर पाहुणा पुन्हा पायरी चढत नाही. मला वाटलं... मी आपला आठवडाभर..." त्यांनी कपाळाला हात लावला. "मी तुम्हाला तुमच्याच घरातून हाकललं की हो!"

भावजय त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसताहसता कपाळावरचा चष्मा नाकावरच्या चष्म्यावर येऊन आदळला.

"तू पण! अरे, तो पण! पहिल्यांदा आमच्या घरी आला ना, तुझा भाऊ, नवे बूट घालून. माझ्या बाबांना चहा ओतला, काठापर्यंत. बाबांना! त्यांच्या घरात! बाबा उठले. टोपी घातली. बाहेर गेले. पाऊस! आणि हा खिडकीतून बघतोय, म्हातारा कुठे चालला. मी हसलो, एवढा हसलो. म्हटलं, याच्याशी लग्न करायचं."

"आणि बाबा?"

"भिजले. मग आले. याला दोन बोटं दिला."

त्या संध्याकाळनंतर दादांच्या दुपारी बदलल्या. बदललं तसं काही नव्हतं, किटली तीच, कप तेच, बिनसाखरेचा तो कडसर चहाही तोच. पण आता कप संपला की ते तो पुढे करायचे आणि त्यांना भिकाऱ्यासारखं वाटत नसे. त्यांच्या ध्यानात आलं की या चहात बोलण्याची सोय आहे. दोन बोटं संपेपर्यंत गप्प राहिलं तरी चालतं. मग कप द्यायचा, घ्यायचा, तेवढ्यात एखादं वाक्य सुचतं. नाही सुचलं तर पुन्हा दोन बोटं आहेतच. ज्याला बोलायची भीती वाटते अशा माणसासाठीच कुणीतरी ही रीत काढली असावी. घरी ते दोन घोटांत चहा संपवून उठायचे, कारण कप संपला की बसून राहायला निमित्त उरायचं नाही. इथे निमित्त कधी संपतच नव्हतं. आणि भावजयीच्या कपाकडे आपणही लक्ष ठेवायचं असतं, तो रिकामा दिसला की आपण ओतायचा, हेही ते शिकले. ओतताना हात थरथरायचा. पण दोन बोटं चहा कितीही थरथरला तरी सांडत नाही.

अशा दुपारी ती धाकट्याबद्दल सांगायची. तो चष्म्याची दांडी कानात घालून खाजवायचा. तिच्या बाबांशी भांडायचा ते आपल्या भाषेत, आणि ते त्यांच्या भाषेत, आणि दोघं खूश. दादाही सांगायचे. लहानपणी त्याने आईच्या चष्म्याची काच काढून मुंग्या बघितल्या होत्या, तिथून हे सगळं सुरू झालं. पण ते वाक्य काही सुटत नव्हतं. परतीचा दिवस जवळ आला.

शेवटच्या दुपारी कप त्यांच्या हातात रिकामा होता. त्यांनी तो पुढे केला नाही.

"आईने विचारलंय," ते कपाकडे बघत म्हणाले. "शेवटी... त्याच्याजवळ कुणी..."

भावजयीने किटली उचलली होती, ती खाली ठेवली.

"दुकान बंद ठेवलं मी," ती म्हणाली. "खूप दिवस. तो त्या खिडकीजवळ. खाणं नको, औषध नको. चहा हवा. मी थोडा ओतायचो. तो प्यायचा, कप द्यायचा. मी पुन्हा थोडा. दिवसभर. मग एक दिवस कप पुढे केला आणि म्हणाला, भर. मी थोडाच ओतला. तो म्हणाला, पूर्ण भर. मी नाही म्हटलं. म्हटलं, गप्प बस. तो म्हणाला," तिचा आवाज तिथे हुबेहूब धाकट्याचा झाला, "च्यायला, भर ना. दमलो मी."

खाली दुकानाच्या दाराची घंटा वाजली. ती उठली नाही.

"मी भरला, दादा. इथपर्यंत. त्याला सगळा पिता पण नाही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला." मग तिने थेट त्यांच्याकडे पाहिलं. "तू थोरला. तू सांग. मी चुकलो का? मी भरायला नको होता का?"

ती कुणाला तरी हे विचारायला वर्षभर थांबली असावी, आणि ज्या एका भाषेत तिला ते विचारायचं होतं, ती बोलणारं दुसरं माणूस या गावात नव्हतं. दादांना कळलं की आईचं एक उत्तर आपण न्यायला आलो, पण आपल्यालाही एक देऊन जायचं आहे. काय बोलावं? 'नाही, चुकला नाहीत', एवढं सोपं वाक्य, पण ते फोनवर बोलतात तसलं वाटलं. सगळे 'बरं आहे'च सांगतात, तसलं.

त्यांनी हात लांब करून किटली ओढली. तिचा कप घेतला. त्यांनी ओतलं, दोन बोटं, त्याहून जरा कमीच, आणि कप दोन्ही हातांनी तिच्यासमोर ठेवला.

"बस," ते म्हणाले. आजवर ते तिला 'बसा' म्हणत आले होते.

तिने कपात पाहिलं. चष्मा काढला, बाहीने पुसला, पुन्हा लावला. मग चहा प्यायली आणि कप पुढे केला. खाली घंटा पुन्हा वाजली. तिने जिन्याकडे तोंड करून तिथल्या भाषेत काहीतरी ओरडून सांगितलं. 'जरा थांबा'च असणार.

घरी पोचल्यावर आईने दादांना हातपायसुद्धा धड धुऊ दिले नाहीत. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून समोर बसली. "हं. सांग."

"आधी चहा करतो."

"मी केला असता की."

"नको. मीच करतो."

दादांनी बिनदुधाचा चहा केला. आईच्या पुढ्यात तिचा मोठा कप ठेवला आणि तळाला दोन बोटं ओतला. आईने कप तिरका करून आत पाहिलं.

"दूध नासलं का?"

"नाही."

"मग हे काय? तिकडून अशी कंजुषी शिकून आलास?"

"घे तर खरं."

आई प्यायली, तोंड वेडंवाकडं केलं. दादांनी हात पुढे केला, कप घेतला, पुन्हा तेवढाच ओतला. आणि सांगायला लागले. असं एवढा वेळ, आईसमोर बसून, ते लहानपणीही कधी बोलले नव्हते. सासऱ्यांच्या टोपीशी आल्यावर आई पदराला तोंड पुसत हसली. "मूर्ख होताच तो," ती म्हणाली. कप पुढे केला. बंद ठेवलेल्या दुकानाशी आल्यावर तिने कप धरूनच ठेवला. मग खिडकी आली, आणि मग ते.

आईने कप हळूच खाली ठेवला.

"भरला तिने?" आईने विचारलं.

"भरला."

"काठोकाठ?"

"हो."

आईने मान हलवली. दोनदा. बोटाने कपाच्या काठावरून एक फेरी मारली, कुठे टवका उडालाय का बघावं तशी.

"दमला म्हणाला ना तो. मग बरं केलं पोरीने," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिने तिला पोर म्हटलं होतं. "कळवून टाक तिला. नाहीतर मीच बोलते, लाव फोन. आपलं कळतं म्हणालास ना तिला?"

"कळतं. पण पुरुषासारखी बोलते."

"बोलू दे." आईने नाक ओढलं आणि रिकामा कप दादांच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी किटली उचलली तसा तिने घाईघाईने तळवा आडवा धरला.

"थोडाच घाल बाबा. मला अजून बसायचंय."

दादांनी दोन बोटं ओतला. आईने घोट घेतला आणि पुन्हा तोंड वाकडं केलं.

"आणि साखर काय पाप आहे का तिकडे?"